वाचणाऱ्या बाईची सुट्टी

५ ऑक्टो., रवि.
या घरात माझ्या कॉफीतली साखर बंद झाली, ही गोष्ट इतिहासात नोंदली जावी. फिकी कॉफी पुढ्यात ठेवताना सुधा अशी बघते, जणू मी जामिनावर सुटलोय. त्यात रविवारची झोप गेली. सासऱ्यांचा, अण्णांचा, अग्रहारातल्या त्यांच्या घरून फोन: "विनायकराव, बाई बोलेना हो."

बाई म्हणजे त्यांच्या लॅपटॉपमधला वाचून दाखवणारा आवाज. नजर गेल्यापासून पेपर, मेल, पंचांग सगळं तीच वाचते. लॉगिन केलं की आपोआप सुरू व्हायची. आता गप्प.

सु. लगेच, "आता तरी त्यांना इथं बोगादीला, आपल्याकडे आणू या." मागची खोली तयारच आहे, चादरीसकट. अण्णांचं ठरलेलं: माझं मला वाचता येतंय तोवर घर सोडत नाही.

दुपारी गेलो. हातानं चालू केली की बाई घडाघडा बोलते. रीस्टार्ट, लॉगिन, की मौन. अपडेटला शिव्या घातल्या. अण्णांनी नेहमीसारखी दोन चमचे साखरेची कॉफी दिली. "सुधाला सुम्ने, उगीच कशाला सांगायचं!" आजवर सांगितलेलं नाही. देवमाणूस.

७ ऑक्टो., मंगळ.
प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. ढिम्म. नातीचा मेल येऊन पडलाय. मी वाचू का म्हटलं, तर "बेड, बेड, नको. बाई वाचेल." मग हळूच, "नाहीतर वयच झालं म्हणायचं." बाईचं की...

१२ ऑक्टो., रवि.
सापडलं! सेटिंगच्या पार पोटात, 'लॉगिनबरोबर सुरू करा' यापुढची खूण काढलेली. "अण्णा, इथं कुणी हात लावला?"

अण्णा कॉफी गाळायला आत. आतूनच, "नवमीला, आयुधपूजेला सगळ्यांना सुट्टी देतो ना मी. विळी, सायकल, शिलाई मशीन. लॅपटॉप उघडून कुंकू लावायला गेलं की ही लगेच कामाला हजर. बरं वाटेना. म्हणून खूण काढली."

खूण कुठं आहे ते बाईनंच वाचून दाखवलं. ती परत करायची वेळ आली तेव्हा वाचणार कोण? बाई सुट्टीवर!

मी हसत सुटलो. अण्णाही. मग एकदम थांबून, "सुधा म्हणेल, बघा, जमत नाही त्यांना."

खूण परत केली. लॉगिन. बाई बोलली. नातीचा मेल सुरू झाला तसा मी आरशाकडे गेलो. सु. माहेरी आली की टिकल्या तिथंच चिकटवून जाते. त्यातल्या तीन काढून, बाईला हातानं उठवायच्या तीन बटणांवर लावल्या. अण्णांनी बोट फिरवून बघितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी खुशाल द्या सुट्टी.

घरी सु.: "काय झालं होतं?"
"अपडेट."
"नक्की?"
"या कंपन्यांना काडीची अक्कल नाही."

बघत राहिली. तेच, जामिनावरचं बघणं. पण मी ढळलो नाही. इतक्या कॉफ्यांचं देणं होतं, फिटलं असं धरतो.

मागच्या खोलीतली चादर संध्याकाळी दोरीवर वाळत दिसली. परत घालणार की कपाटात ठेवणार, विचारलं नाही.