साडेतीन तासांचं अंतर

वालूर,
१० जानेवारी, सकाळ

चि. शंतनु यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. तुझी चुलतबहीण ईश्वरी कागदाचा फोटो काढून पाठवती. अक्षर नीट काढा म्हणून मलाच दटावती, बघ!

तुझ्या आईचं काही खरं न्हाई. परभणीच्या डॉक्टरांनी काल घरी न्या म्हणून सांगितलं. महिना झाला पडून हाय, पण तुला कळवू दिलं न्हाई. म्हणती, लेकराचं काम बुडवू नका, साडेतीन तासांचं तर अंतर हाय, ऐन वेळी बोलवू. मागच्या उन्हाळ्यात तुझं जायचं तिकीट मीच वाचून दाखवलं होतं. मुंबईहून दुपारी दोनला सुटणार, तिकडं साडेपाचला उतरणार. तवापासून गल्लीभर सांगत फिरायची की अमेरिका नांदेडएवढीच लांब!

ती ऐन वेळ आली. पत्र मिळताच निघ. मुंबईपासूनचे दहा तास धरले तरी रातच्या जेवणाला पोचशील.

माया हाय तशीच राहू दे.
तुझा अण्णा

सॅन फ्रान्सिस्को,
९ जानेवारी, संध्याकाळ

ती. अण्णांना शंतनुचा शि. सा. न. वि. वि.

तारीख चुकली नाही अण्णा. तुमच्याकडं दहाची सकाळ आहे, इथं अजून नऊची संध्याकाळ. इथलं घड्याळ साडेतेरा तास मागं. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि उतरायची इथली. विमानाला साडेतीन नाही, सोळा-सतरा तास लागतात. साडेतेरा हजार किलोमीटर आहे हो!

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण मी निघताना आई रडायली होती, आणि तुम्ही साडेतीन तास सांगितल्यावर हसली. म्हणलं, राहू दे. लय मोठी चूक झाली माझी.

आजचं तिकीट कुठंच नाही, उद्या रात्रीचं मिळालंय. रविवारी संध्याकाळी पोचेन. आईला खरं सांगू नका. कसंही करून तिला थांबवा.

पाया पडतो, जवळ करा.
शंतनु

वालूर,
११ जानेवारी

चि. शंतनु यास आशीर्वाद.

आई काल रात्री गेली. आज सकाळी उरकलं. तुझ्यासाठी थांबा म्हणून भावकीच्या हातापाया पडलो, कुणी ऐकलं न्हाई. अग्नी मी दिला.

राग हाय तुझ्यावर, का न्हाई म्हणू? आणि माझ्यावर त्याच्याहून जास्त.

तिला काही कळू दिलं न्हाई. दिवे लागल्यापासून सारखी विचारत होती, आला का. शेवटी सांगितलं, सेलूत रेल्वेतून उतरलाय, पण तिथनं गावाकडं येणारी एसटी पंक्चर झाली. बेचाळीस वर्षांत तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. मग अशी चिडली! एसटीवाल्यांचा मुडदा बशिवला, लेकरू उपाशी ताटकळलं म्हणाली, ईश्वरीला भाकरी झाकून ठेवायला लावली. बोलता बोलताच आवाज थांबला.

शंतनु, तिच्या लेखी तू सेलूपर्यंत आला होतास.

सावकाश ये.
तुझा अण्णा