पाचवा ‘का’

११ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिलं की नकार आला. ते चूक आहे. नकार आलेला नाही. इंग्रजी आलंय.

सुलेखामावशीनं (आईच्या भिशीतली, स्थळ तिनंच आणलं होतं) मुलाकडचा मेसेज पुढं पाठवला. त्यात नाही, नको, पसंत नाही असला एकही शब्द नाही. आहे ते एवढंच: ड्यू टू अनअव्हॉइडेबल सरकमस्टन्सेस, वी आर नॉट प्रोसीडिंग. खाली हात जोडलेले.

मावशीला फोन केला. सरकमस्टन्सेस कुठल्या, विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारतीस, मी नुसतं पुढं ढकललं.

रविवारी माणसं घरी येऊन पोहे खाऊन गेली. मुलगा, शंतनू, गॅलरीत माझ्याशी अर्धा तास बोलला. जाताना स्वतःच्या हातानं दुसरा लाडू घेतला. आणि दोन दिवसांत सरकमस्टन्सेस.

सूड घ्यायचा. शांतपणे, पण घ्यायचा. शंतनूनं माझ्यासमोर उभं राहून, मराठीत, खरं कारण सांगायचं. एवढाच सूड. मोठा नाही, पण सोडणार नाही.

१२ फेब्रुवारी

बाबांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ड्राफ्ट चांगला आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात स्टेनो होते. मला लहानपणी दमा होता, म्हणून तिसरीपर्यंत घरीच शिकवलं, आणि इंग्रजी ऑफिसातल्या पत्रांवरून. इतर मुलं फळांची नावं शिकत होती तेव्हा मला ‘ओइंग टू’ येत होतं. ‘ड्यू टू’ म्हटलं की माणूस दिसत नाही, हे मला सातव्या वर्षी कळलं. कालवा फुटतो तो ड्यू टू पाणी. फाईल हरवते ती ड्यू टू शिफ्टिंग. ‘ओइंग टू’मध्ये थोडी लाज असते. ‘अरायझिंग आउट ऑफ’ चौकशी लागल्यावर. आणि ‘थँक्स टू’ बाबा फक्त एका साहेबांबद्दल वापरायचे, दात आवळून.

म्हणजे ड्यू टूच्या मागं कुणीतरी माणूस लपलाय. त्याला बाहेर काढायचं. हे तर माझं रोजचं काम आहे.

१३ फेब्रुवारी

कंपनीत संध्याला सांगितलं. (आम्ही दोघी शेंद्र्याच्या एमआयडीसीत, क्वालिटीत. गाड्यांची रबरी सील बनतात. सील फाटलं की ग्राहक कंपनी कारण मागते. मग आम्ही पाच वेळा ‘का’ विचारत मुळापर्यंत जातो आणि इंग्रजीत रिपोर्ट लिहितो. सगळे त्याला व्हाय-व्हाय म्हणतात.)

संध्या म्हणाली, मग लाव की त्याच्यावर व्हाय-व्हाय. लई सील फाडलीस, आता नवरदेव फाड.

डबा खाता खाता बसलो. का नाही म्हणाले? मुलगी आवडली नाही. का आवडली नाही? इथं संध्यानं विचारलं, तू त्याला बोललीस काय? मी म्हटलं, काहीच नाही, त्यानंच विचारलं, मी उत्तरं दिली. रविवारच्या नोंदीतही तसंच लिहिलंय.

घरी येऊन ती नोंद पुन्हा वाचली. किरकोळ दुरुस्ती करते. त्यानं एक प्रश्न विचारला: पंखा लावू का. बाकीचे पाच मी विचारले.

पण ते साधे होते. पुण्याहून परत का आलात? आई-बाबांसाठी, म्हणाला. ते आजारी आहेत का? नाहीत. मग का? कंपनीत रिस्ट्रक्चरिंग. त्यात तुम्हीच का? तो थांबला. मी वाट पाहिली. कामावर मला कुणी अर्धवट उत्तर दिलं तर मी वाटच पाहते.

यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. मुळातलं कारण दुसरीकडं असणार.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मावशीकडून कळलं की ते लोक दरवर्षी वेरूळला जातात. आईला म्हटलं, यंदा घृष्णेश्वराला जाऊ. आईनं माझ्याकडं बघितलं. गेल्या वर्षी मीच म्हणाले होते की गर्दीत मला श्वास लागतो.

वाक्य बसमध्येच तयार केलं होतं. ‘परिस्थिती टाळता येत नव्हती, की मलाच टाळायचं होतं?’ आवाज न चढवता म्हणायचं.

रांग नागमोडी. लोखंडी पाइपांच्या मधून माणसं एकदा इकडं, एकदा तिकडं. पहिल्या वळणालाच शंतनू समोरून आला, मध्ये फक्त पाइप. मागं त्याची आई. मी वाक्य उचललं आणि तोंडातून आलं, किती वेळ लागेल हो? तो म्हणाला, दोन तास तरी. मग रांग पुढं सरकली.

दुसऱ्या वळणाला मला खोकला आला. त्यानं पाइपावरून पाण्याची बाटली दिली. शत्रूचं पाणी प्यायचं नाही हे ठरेपर्यंत मी निम्मी संपवली होती. त्याच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा पर्समध्ये टाकलीय.

तिसऱ्या वळणाला गाभारा जवळ. तिथं पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं. शंतनू उघडा, शर्ट हातावर, आकसून उभा. अशा अवस्थेत माणसावर सूड उगवणं बरोबर नाही. हे मी तत्त्व म्हणून लिहितेय, घाबरले म्हणून नाही.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, बाटली परत दिली नाहीस. बाटली माझ्याकडंच आहे. पुरावा म्हणून ठेवलीय.

१७ फेब्रुवारी

तोंडी जमत नाही तर लेखी. बाबांना म्हटलं, कडक पत्र हवं. कित्येक वर्षांनी ते खुर्चीत ताठ बसले.

माझा मसुदा: ‘तुम्ही कारण लपवलंय, ते ताबडतोब सांगा.’ बाबा म्हणाले, ताबडतोब नको, ‘ॲट युवर कन्व्हीनियन्स’ घाल. मग ‘लपवलंय’ काढलं, कारण ते सिद्ध झालेलं नाही. मग ‘तुम्ही’ काढलं, कारण कर्त्याची गरज नाही. मग बाबा म्हणाले, सुरुवातीला त्यांच्या मेसेजबद्दल आभार हवेत, रीत असते.

चहा झाला तेव्हा पत्रात आम्ही त्यांचे आभार मानून, मुलाला पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा देत होतो. आई आतून म्हणाली, आहेराचं पण लिहा.

पाठवलं नाही. धार कमी वाटली.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

सुट्टी. आज गारखेड्याला त्यांच्या घरी जायचं ठरवलं होतं. सकाळी दहाला घराजवळून, एन-सातमधून, रिक्षा केली. वाटेत लक्षात आलं की मिरवणुकीमुळं क्रांती चौक बंद असणार. रिक्षावाल्याला म्हटलं, परत फिरवा. तो म्हणाला, मॅडम, गारखेडे को क्रांती चौक कायको जाना? सेव्हन हिल से सीधा छोडता ना. मी म्हटलं, आज शहरात सगळीकडं गर्दी आहे, उगीच धोका नको. तो म्हणाला, रोड तो खाली पडा है.

वाद घातला नाही. परत आले. बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, रस्ता. बाबांनी मान डोलावली. ‘ऑन अकाउंट ऑफ प्रोसेशन,’ म्हणाले. हे ऐकून फार बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज नक्की होतं. पण आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं होतं. टाकी, ड्रम, बादल्या सगळं मलाच भरावं लागतं, आईची कंबर दुखते. आई म्हणाली, तू जा, मी भरते. मी गेले नाही. सूड महत्त्वाचा की पाणी?

पाणी आलंच नाही. संध्याकाळी कळलं, पाइपलाइन फुटली. ड्यू टू प्रेशर, असं वॉर्डाच्या ग्रुपवर आलंय.

२४ फेब्रुवारी

सुलेखामावशी घरी आली. आईला म्हणाली, हिनं त्या पोराचं काय केलं गं? त्यांच्या घरात पंधरा दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं.

मावशीचं म्हणणं असं. शंतनूची नोकरी सात महिन्यांपूर्वीच गेली होती. घरी सांगितलं नव्हतं. वर्क फ्रॉम होम आहे म्हणून रोज इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा. मधूनमधून बंद फोनवर ‘यस, यस, शुअर’ म्हणायचा. मीटिंग चालू आहे समजून आई त्याला तिथंच शिरा नेऊन द्यायची. आणि हे सगळं आमच्या गॅलरीत बाहेर आलं.

मावशी म्हणाली, काय विचारलंस तू? मी म्हटलं, काही नाही, का विचारलं. किती वेळा? मी चहा ठेवायला आत गेले.

८ तारखेच्या नोंदीत आणखी एक दुरुस्ती. आम्ही गॅलरीत दोघंच होतो असं लिहिलंय. पाचव्या ‘का’ला त्याची आई दारात आली होती. निघूया का, असं विचारायला, पदराला हात पुसत. तेव्हाच शंतनू म्हणत होता, मला काढून टाकलं, घरी अजून कुणाला माहीत नाही. मला ती दिसली होती. पण उत्तर चालू असताना मी मध्ये बोलत नाही, आणि त्याची तिच्याकडं पाठ होती.

हे सगळं संध्याला सांगितलं. ती म्हणाली, झालं की तुझं व्हाय-व्हाय, मुळाशी तूच निघालीस. मी तिला नियमाची आठवण करून दिली. आपल्या रिपोर्टात मुळातलं कारण कधीच माणूस नसतो. ऑपरेटर चुकला असं लिहिलं की ग्राहक रिपोर्ट परत पाठवतो. पद्धतीत काय चुकलं ते शोधावं लागतं. इथं पद्धत चुकली: गॅलरीच्या दाराला कडी नाही.

संध्या म्हणाली, व्हय व्हय, कडीलाच फाशी दे.

आता सूड आणखी गरजेचा झालाय. पंधरा दिवस माझ्यावर विनाकारण संशय घेतला गेला, आणि तोही मला न कळवता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शंतनूचा मेसेज आला. थेट मला. मराठीत.

उतरवून ठेवते. ‘तो इंग्रजी मेसेज आईनं पाठवला होता. मी पाठवला नव्हता, मला नंतर कळलं. तुमच्यामुळं घरी सगळं सांगावं लागलं. आधी वाईट झालं, आता बरं आहे. बाबा पहिल्यांदा हसले ते शिऱ्यावरून. पुण्यात एका ठिकाणी इंटरव्ह्यूला सगळं खरं सांगितलं, त्यांनी घेतलं. रविवारी सकाळी सहाच्या बसनं निघतोय. जायच्या आधी एक विचारू? त्या दिवशी इतकं का विचारत होतात? दुसऱ्या कुणी एकदाही विचारलं नव्हतं.’

‘तुमच्यामुळं’ हा शब्द दुपारभर डोक्यात होता. बाबांना विचारलं, इंग्रजीत काय होईल. बाबा म्हणाले, कुणी कुणाला लिहिलंय त्यावर आहे. मी सांगितलं नाही.

त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत आहे. पहिला ‘का’ सवयीनं विचारला. दुसराही. तिसऱ्याला तो कठड्यावरच्या कुंडीतली वाळलेली पानं खुडायला लागला, माझ्याकडं न बघता, आणि मला वाटलं की हा उठून आत जाऊ नये. प्रश्न संपले असते तर तो गेला असता. म्हणून चौथा. म्हणून पाचवा.

हे मराठीत चार वेळा टाइप केलं. पुसलं. प्रत्येक वेळी त्यात मी फार दिसत होते.

शेवटी पाठवलं: ‘ड्यू टू नेचर ऑफ ड्यूटी.’

वाक्य निर्दोष आहे. बाबांना न दाखवता लिहिलंय, तरी एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही.

त्याचा अंगठा आला. मग ‘ओके. काळजी घ्या, दमा सांभाळा.’ दम्याचं मी त्याला कधी सांगितलं, आठवत नाही. बहुतेक वेरूळला खोकल्यावरून. की माझी आई बोलली.

आता ढकलायचं नाही. समोर जाऊन बोलायचं, मराठीत, सगळं, कुंडीपासून. बाटलीही परत द्यायची. उद्या जमणार नाही, ओइंग टू मंथ एंड. शनिवारी कंपनीत ऑडिट. रविवारी मात्र काही म्हणजे काही नाही, पाणीसुद्धा सोमवारवर गेलंय. सकाळी लवकर कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही, लोकांना आवरायला वेळ द्यावा.

तेव्हा पक्कं. रविवार, १ मार्च, सकाळी साडेदहा.