बाहेरून पाठिंबा

६ मार्च, श्रूजबरी, अमेरिका
सकाळीच मुक्ताचा स्टॉकहोमहून फोन. एरिक, आमचा जावई, आता मंत्र्यांचा सल्लागार. स्वीडनच्या उजव्या आघाडीतला सगळ्यात छोटा पक्ष त्याचा. शरदनं सासऱ्याच्या तोऱ्यात लगेच जोशींना फोन लावला. "राजा नुसता नावाला हो. तीन पक्षांचं सरकार, चौथ्याचा बाहेरून पाठिंबा. आपल्याकडच्यासारखंच!" शिरा केला. मु. मात्र अभिनंदनाला नुसतं "हं" म्हणाली.

१९ मार्च
चौथा पक्ष म्हणजे परक्यांना घालवा म्हणणारे. त्यांच्याशिवाय बहुमत नाही. मु. म्हणते, "बाहेरून कसलं, आई? तेच चालवतात सगळं."

२ एप्रिल
बसमध्ये मु. इराशी मराठीत बोलत होती. शेजारची बाई, नीटनेटकी, हसून म्हणाली, "आता फार दिवस नाही." मु. पुढच्या स्टॉपला उतरली. एरिकचं म्हणणं, एका बाईवरून देश ठरवू नकोस. खरं आहे. तरी...
इरा चार वर्षांची. आज फोनवर "आजी" कुजबुजत म्हणाली.

२१ एप्रिल
नागरिकत्वाचे नियम कडक. आधी अर्ज केलेल्यांनाही लागू. म्हणजे मु.लाही. तिनं मंत्र्यांचं भाषण व्हिडिओवर दाखवलं. मला भाषा कळेना.
"छान बोलतात ना? एरिकनं लिहिलंय. इथेच, डायनिंग टेबलवर. मी चहा करून देत होते."
शरद म्हणाला, आघाडीत तडजोड करावीच लागते. ओरडले त्याच्यावर. हाच माणूस हल्ली, इथेही परक्यांची धरपकड सुरू झाल्यापासून, तळ्याकाठी फिरायला जातानाही पासपोर्ट खिशात ठेवतो. उभा जन्म मॅसॅच्युसेट्समध्ये काढून.

४ मे
एरिकशी बोलले. "आई, आम्ही बाहेर पडलो तर सरकार पडेल. मग ते चौथे स्वतःच सत्तेत येतील. आत राहून थोडं तरी अडवतोय." दमलेला आवाज. वाईट मुलगा नाही. तेच तर.
"आणि मुक्ता?"
"तिला काही होणार नाही. मी आहे ना."
मागून मु. स्वीडिशमध्ये काहीतरी बोलली. एरिकनं घाईनं फोन ठेवला.

२३ मे
मु. इराला घेऊन येतेय. महिनाभर, असं एरिकला सांगितलंय. मला म्हणाली, "परतीचं तिकीट नाही काढलेलं. त्याला बोलू नकोस."
"अगं, पोर त्याचीही आहे."
"माहितीये."
शरदला सांगितलं नाही. तो वरच्या खोलीला पिवळा रंग देतोय.

३ जून
शरद त्यांना आणायला एअरपोर्टला गेला, आणि एरिकचा फोन. एकट्याचा, पहिल्यांदाच. इराचे बर्फातले बूट घरात नाहीत म्हणाला.
"जूनमध्ये कशाला नेले, आई? मुक्ता परत येणार आहे ना?"
"पोचली की तीच बोलेल तुझ्याशी."
"म्हणजे नाही."
मग वेगळ्याच आवाजात, मीटिंगमध्ये बोलावं तसं, "माझ्या संमतीशिवाय इराला तिथे ठेवता येणार नाही. कायदा आहे. कृपा करून तिला सांगा."
पुढे "सॉरी, आई" म्हणाला. ठेवला.
गाडी आलीये. इरा काच खाली करून हात हलवतेय. मु. हसतेय, किती दिवसांनी. आत्ताच सांगू की जेवण झाल्यावर