हुतात्मा चौक आणि दादाचा उपास

सोलापूर, सोमवार. आषाढ सरत आला.

माझ्या पोरानं, महादूनं, मला तितं धड उभं बी राहू दिलं न्हाय. मुंबईला न्हेलं, हुतात्मा चौक दाखवला, आन् लगेच म्हणतोय, "आये, फूल वाहा की. मामा हितंच गेला असंल."

असंल म्हणे! बघायला गेलता का?

दादा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेला, तवा मी परकरी पोर. त्याच साली संयुक्त महाराष्ट्रापायी त्या चौकात गोळ्या सुटल्या. मग दादाचं कार्ड न्हाय, निरोप न्हाय. माणूस आला न्हाय, मढं बी न्हाय. आई मरेपर्यंत म्हणायची, "येईल की." म्हणून नागपंचमीच्या आदल्या दिशी भावाचा उपास मी कधी चुकवला न्हाय. जित्या भावासाठीच धरत्यात तो.

मशाल धरलेले पुतळे बघितले. एकाचं बी तोंड दादासारखं न्हाय. पण दादाचं तोंड मला तरी कुटं नीट आठवतंय? झेंडूचं फूल मुठीत घामेजलं. वाहिलं, तर दादा मेला म्हणायचा. न्हाय वाहिलं, तर बाकीची एवढी पोरं तितं मेली, त्यांनी माझं काय घोडं मारलं?

वाहिलं शेवटी फूल. हात मातर जोडले न्हाईत.

परतताना महादू म्हणाला, "बरं केलंस आये, सुटलीस." सुटले? कशातनं?

आता नागपंचमीच्या आदली चवथ तोंडावर आली. त्या दिशी उपास धरायचा का जेवायचं? ह्याचं उत्तर महादूनंच द्यावं. सुनेनं मधी तोंड घालू नये.