रिकाम्या कमरेचा माणूस

रेड विलो, न्यू मेक्सिको
१२ जानेवारी १८८४

प्रिय लव्हिनिया,

तू विणलेले मोजे मिळाले. ते घालूनच लिहितो आहे. शाई गोठते म्हणून दौत शेगडीजवळ ठेवली आहे. शाळा बरी चालली आहे. बाकीचं सांगताना आपण घाबरून वाढवून तर लिहीत नाही ना, असं प्रत्येक वाक्याला स्वतःला विचारतो आहे.

हॅस्केल म्हणून इथला गुरांचा बडा मालक आहे. त्याची माणसं ओर्तेगाबाईंच्या झऱ्याजवळचे हद्दीचे दगड सरकवताना मी शाळेत जाता जाता पाहिली. सोमवारी कोर्टात मला ते सांगायचं आहे. दुसरा साक्षीदार नाही. मी निघून गेलो तर त्या विधवेचं पाणी गेलं. आणि जायचं म्हटलं तरी टपालगाडी हॅस्केलच्याच कुरणातून जाते.

परवा हॅस्केलने मला भेट पाठवली. नवी रिव्हॉल्व्हर, पट्ट्यासकट. ‘रिव्हॉल्व्हर’ हा शब्द इथे दुकानाच्या पाटीवरच राहतो. लोक तिला सहाबारी म्हणतात, लोखंड म्हणतात. माझ्या घरमालकीण क्विलबाई नांगराची मूठ म्हणतात. आणि ती ज्याच्या कमरेला, तो माणूस ‘सज्ज’. कोणी गोळी लागून मेला की पंच पहिलं विचारतात, सज्ज होता का? नसेल तर मारणाऱ्याला फाशी. असेल तर मारणारा घरी जेवायला मोकळा.

पट्टा मी एकदा बांधून पाहिला, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली, आणि भेट त्याच दिवशी परत पाठवली.

तेव्हापासून गाव माझ्यावर नाराज आहे. टोबिन न्हावी गळ्यावर वस्तरा ठेवून म्हणाला, “मास्तर, हॅस्केलने तुम्हाला माणसात धरलं आणि तुम्ही आहेर परत करता?” क्विलबाई जेवताना म्हणाल्या, “घाला हो, शोभेपुरती.” शोभेची असली तरी मी सज्जच ठरेन, असं म्हटलं, तर वाढता वाढता म्हणाल्या, “मग मरा, पण चारचौघांसारखे मरा.” बाई मनाने वाईट नाहीत. मलाही कळत नाही, मी कायद्याने वागतो आहे की कायद्याच्या आड लपतो आहे.

सोमवारी मी भर बाजारातून कोर्टात जाईन. या थंडीतही कोट घालणार नाही, नुसत्या सदऱ्यावर. रिकामी कमर सगळ्यांना दिसायला हवी. पण पाहिलेलं सांगायला किती जण पुढे येतील, हे मी आता ओळखून आहे. माझ्या प्रेताच्या हाताशी सहाबारी सापडली, असं वर्तमानपत्रात आलं, तर तुझ्या वकील नवऱ्याकरवी हे पत्र न्यायाधीशांपुढे ठेव. मी शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहितो आहे: माझ्याजवळ शस्त्र नाही, आणि सोमवारीही नसेल.

तुझाच भाऊ,
जोसाया