लाल दोऱ्याची बारा कोकरं

प्रिय ठमे,

तुझा अहवाल पुढच्या महिन्यात मोठमोठ्या प्राध्यापकांसमोर वाचला जाणार, हे तू फोनवर सांगितलंस आणि तुझी आई हातातला डाव तसाच घेऊन अंगणभर फिरली. मी तर भेटेल त्याला सांगत सुटलोय, की नुसत्या चाऱ्यावरची कोकरं खुराकावरच्यांइतकीच भरतात, असं माझ्या लेकीनं सिद्ध केलंय. पोस्टमन हल्ली मला लांबून बघून रस्ता बदलतो.

गेल्या वर्षी तू सुट्टीत आलीस ती चोवीस कोकरं वेगळी काढूनच. बारांना धान्य-पेंडीचा खुराक, आणि बारांच्या गळ्यात लाल दोरा बांधून नुसता लसूणघास. पाल्यानं कुठं मांस चढतं का, म्हणून मी तुझी थट्टा केली. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, काट्यालाच विचारू." मग दर रविवारी सकाळी कोकरू पोत्यात घालून काट्याला टांगायचं, मी पाय धरायचे, तू लिहायचं. एकानं माझ्या शर्टावरच कार्यभाग उरकला, तर तुला शर्टाची नाही, वजन पुन्हा घ्यावं लागेल याची काळजी.

पहिला महिना तुझी कोकरं मागेच राहिली. तू अर्ध्या ताटावरून उठायला लागलीस. पाचव्या रविवारपासून मात्र ती अशी भरायला लागली, की तू काट्याचा मुका घेतलास. तुला हसताना बघून मीही हसलो, जरा जास्तच हसलो.

आता बातमी. यंदा तुला न सांगता मी पुन्हा बारा कोकरं निव्वळ लसूणघासावर वाढवली. वजनं मी घेतली, आईनं लिहिली. ठरलेल्या वजनाला पोहोचायला त्यांना यंदाच्याच खुराकावरच्यांपेक्षा तेवीस दिवस जास्त लागले. पण जन्मात कुणाचं कौतुक न केलेल्या आपल्या खाटकानं मला मुद्दाम दुकानात बोलावलं. चाऱ्यानं पोट मोठं, म्हणून वजनाच्या मानानं मांस थोडं कमी पडलं म्हणाला, पण चरबी बेताची, रंग गडद, आणि गिऱ्हाइकं तेच मटण मागत परत येताहेत. आम्हीही घरी केलं. आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणजे बघ.

सगळं पुन्हा का केलं, ते लिहायला हे पत्र. गेल्या वर्षी तू आंघोळीला गेलीस, की मी लाल दोऱ्यावाल्यांना गुपचूप दोन डबे खुराक घालायचो. तुझं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं, आणि खरं सांगतो, तुझ्या चाऱ्यावर माझा भरवसाही नव्हता. माझं चुकलं, ठमे. तो अहवाल वाचू नकोस. तुझ्या कॉलेजातल्या सरांना माझं नाव घेऊन खरं कारण सांग, लाजू नकोस. ओरडायचं असेल तर फोनवर नको, घरी येऊन पोटभर ओरड. सोबत आईच्या हातची वही पाठवतोय. तिच्यातल्या आकड्यांत माझा एक दाणाही नाही. तुझी कोकरं उशिरा भरली, पण तू म्हणाली होतीस त्याच चाऱ्यावर भरली.

तुझाच,
कान धरून उभा असलेला बाबा