कशाला जीव जाळता?

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांच्या हृदयाचे ठोके कित्येक महिने वेडेवाकडे पडायचे. आज जांघेतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी हृदयातली बिघडलेली जागा जाळली. जाळली! सकाळी हा शब्द ऐकला आणि माझंच ओरडणं आठवलं. लग्नापासून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडत आलेय, "कशाला माझा जीव जाळता?" का बोलायचे मी असं?

आता पाय सरळ ठेवून पडलेत, हलायचं नाही. मला बघून मालवणीत म्हणतात, "बघ, शेवटी माझोच जाळल्यानी. झाली मां फिट्टंफाट?"

रागानं ह्यांचं मनगट धरलं. ठोके अगदी सरळ, एकामागोमाग एक. मग सोडवेचना. नर्स हसली, "आजी, ठोके बघायला मशीन आहे."

असू दे. आधी कसे पडायचे, ते मशीनला कुठे ठाऊक?